तिसरी आली असती

मामाजी,

तुमच्या तेरवीला जेवायला आलेल्यांपैकी निम्म्या माणसांनी मला एकच विचारलं. मी पंगतीत वरण वाढत होते. तुमचे ते कानात बाळी घालणारे मित्र पत्रावळीवरून मान वर करून म्हणाले, "का व बाई, धावण्यात तिसरी आलेली सून ते तूच काय?"

मी म्हटलं, "धावते ते मीच. पण तिसरी नव्हती आली."

"असं कसं? बुढा त सांगत होता."

"आली असती, असं सांगत होते ते."

"नाही नाही. आली म्हणे." आणि त्यांनी वरणासाठी भातात खळगा केला. घरात असं झालेलं असताना वाद कुठं घालायचा म्हणून मी पुढच्या पानाकडे सरकले. तिथं बसलेल्या तुमच्या मावसभावांनीही तेच विचारलं. त्यांच्या पुढच्यांनी तर मला थेट दुसरी करून टाकलं होतं. मला पदराआड हसू आलं आणि वरणाची बादली सांडता सांडता राहिली. बायकांना वाटलं सून रडतेय. एकीनं माझ्या हातातून बादली घेतली आणि मला आत नेऊन बसवलं.

तुम्ही असतात तर त्याच संध्याकाळी तुम्हाला अंगणात गाठून मी विचारलं असतं, की मामाजी, तो 'असती' तुम्ही नेमका कोणत्या गावात सोडून आलात? आता ते राहूनच गेलं. ह्या दिवसांत रडू खूप आलं, नाही असं नाही. पण तुमची आठवण काढायला बसलं की आधी हसू येतं, त्याला मी काय करू? म्हणून जसं आठवतंय तसं तुम्हालाच सांगते.

मी लग्न होऊन सानगडीला आले तेव्हा आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, हयात नव्हत्या. घरात तुम्ही, हे आणि मी. तुम्ही माझ्याशी बोलत नव्हतात. रागानं नाही, आपल्याकडे सासरा सुनेशी जेवढं बोलतो तेवढंच. तुम्ही दारातून खाकरलात की मी पदर डोक्यावर घ्यायचा, आणि तुम्ही खाटेवर बसलात की चहा खाटेच्या पायाशी ठेवून मागे फिरायचं. "मीठ कमी आहे" हेसुद्धा तुम्ही भिंतीकडे बघून सांगायचात. आर्या झाली, मग बऱ्याच वर्षांनी शिबू झाला, तरी आपलं बोलणं तेवढंच राहिलं.

शिबू झाल्यावर मी जरा बिघडले होते. दिवसभर कोणीतरी अंगाला चिकटलेलं. शिबू छातीशी, आर्या पाठीशी, संध्याकाळी शिकवणीची गावातली मुलं समोर. हे साकोलीच्या डेपोत मेकॅनिक, कधी दिवसाची ड्युटी, कधी रात्रीची. घरात कोणी मला काही वाईट बोलत नव्हतं, तरी भाजी चिरता चिरता माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं, आणि कांदा नसायचा.

त्यात एकदा ह्यांची गाडी बंद पडली होती म्हणून हे बसनं निघाले आणि डबा ओट्यावर विसरले. मी डबा उचलला आणि साडी खोचून बसच्या मागे सुटले. बस गावाबाहेरच्या वळणाला लागली होती. मी धावतेय, चपला हातात, डबा दुसऱ्या हातात. माहेरी, नाकाडोंगरीच्या शाळेत असताना मी धावायची, तालुक्याच्या स्पर्धेला जाऊन आले होते. त्यानंतर पायांना असं काही सांगितलंच नव्हतं. कंडक्टरनं पाहिलं, बस थांबली, मी खिडकीतून डबा दिला, हे ओशाळून "हाव, हाव" म्हणाले आणि बस गेली. मी रस्त्यात उभी राहिले. दम लागला होता, पण मला वाटत होतं, ही बस थांबली कशाला? आणखी थोडं तरी जाऊ द्यायचं होतं.

हा सगळा प्रकार तुम्ही पानठेल्यावर बसून बघितला होता, हे मला फार पुढे कळलं.

त्यानंतर मी पहाटे उठून पळायला लागले. चोरून. शिबूला पाजून झोपवायचं, सलवार-कमीज घालायचा, ओढणी कमरेला बांधायची आणि फटफटायच्या आत तलावाची पाळ गाठायची. पाळीवरून सलंगापर्यंत, म्हणजे तलाव भरला की जिथून पाणी सांडतं तिथपर्यंत जायचं आणि परत. जाळं टाकायला आलेले ढिवर सोडले तर कोणी नसायचं. पहिले काही दिवस निभावलं. मग एके दिवशी परत आले तर अंगणात तुम्ही येरझारा घालत होतात. खांद्यावर शिबू, तुमच्या दुपट्ट्यात गुंडाळलेला. त्याचे गाल ओले होते, पण तो शांत होता.

मी फाटकातच थबकले. डोक्यावर काही नाही, केस घामानं चिकटलेले. ओढणी सोडून डोक्यावर घ्यायला गेले तर गाठच सुटेना.

माझ्याकडे न बघता तुम्ही विचारलंत, "कुठं गेलती?"

"पाळीवर. धावायले."

"काहून? कोण मागं लागलं?"

"कोणी नाही. असंच."

त्या उत्तरावर तुम्ही बराच विचार केलात. शिबूची पाठ थोपटत अंगणाच्या टोकापर्यंत जाऊन आलात. मी तिथंच, कमरेच्या गाठीशी झटत उभी. मग तुम्ही म्हणालात, "मी जिंदगीत एकदाच धावलो. मोहफुलं वेचायले गेलतो, तवा अस्वल मागं लागलं होतं. त्याच्यानंतर कधी गरज नाही पडली."

मला वाटलं आता पुढे बोलणी बसणार. तुम्ही शिबूला माझ्याकडे दिलंत आणि म्हणालात, "उद्या जाशीन त सांगून जाजो. पोट्टा उठला तवा मी न्हाणीत होतो. त्याले वाटलं घरात कोणीच नाही."

एवढंच. दुसऱ्या दिवशी मी अंधारात दार उघडलं तर तुम्ही खाटेवर उठून बसलेले. अंगावर घोंगडी, शेजारी शिबूचं दुपटं घडी करून ठेवलेलं. हातात गुळाचा खडा. तो माझ्या तळहातावर ठेवलात आणि म्हणालात, "खाली पोटानं नाही धावत." आणि लगेच आभाळाकडे बघून, "आज ढग आहे."

ढग नव्हता, मामाजी. आभाळ चांदण्यांनी भरलं होतं. पण सुनेच्या डोक्यावर पदर नाही म्हटल्यावर तुम्हाला कुठंतरी बघायला हवं होतं. नंतरही कितीतरी महिने तुम्ही मला बघितलं की आभाळाकडे बघायचात आणि ढग आहे म्हणायचात. मग हळूहळू तुम्हाला सवय झाली. एके दिवशी सरळ माझ्याकडे बघून म्हणालात, "आज जास्त वेळ लावला." त्या दिवसापासून घरातले ढग गेले.

सलवार पायात अडकून मी पाळीवर पडले आणि गुडघा फोडून घेतला, तेव्हाही तुम्हीच बोललात. हे जेवत होते. तुम्ही छपराच्या कवेलूंकडे बघत म्हणालात, "त्या पोलीस भरतीच्या पोरी घालते, तसा पॅन्ट भेटते साकोलीत."

ह्यांचा घास हातातच राहिला. "बाबा, गावात? पॅन्ट?"

"मंग? धावते त गावातच ना."

तुमच्यापुढं ते कधीच काही बोलत नसत. दोन दिवसांनी डब्याच्या पिशवीतून पॅन्ट आली. एक माप मोठी होती, पण आली.

त्यानंतरच्या आपल्या सकाळी तुम्हाला आठवत असतील का? मला त्या जशाच्या तशा दिसतात. मी पळून यायची, अंगणात पाय ताणायला बसायची, की शिबू पाठीवर चढायचा. त्याला वाटायचं आई घोडा झाली. आर्याला मी परत येईपर्यंत एक बूट सापडलेला असायचा, दुसरा नसायचा. डबा भरायचा, शिबूला पाजायचं, अंगावरचा घाम वाळायच्या आत पोळ्या लाटायच्या. शिबू दूध पिता पिता नाक मुरडायचा, कारण दूध गोड आणि आई खारट. आणि ह्या सगळ्याच्या मधोमध तुम्ही खाटेवर आर्याला पुढ्यात घेऊन तिच्या वेण्या घालत बसलेले.

वेण्या तुम्ही कशा शिकलात हे मी विचारलंच नाही. विचारायची गरज नव्हती, दिसतच होतं. जन्मभर अंबाडीचे दोर वळलेत, त्याच हातांनी तुम्ही पोरीचे केस वळत होतात. मध्ये मध्ये पीळ ओढून बघायचात. त्या वेणीतला एक केस शाळा सुटेपर्यंत हलायचा नाही. फक्त तिच्या भुवया वर ओढल्या जायच्या, आणि पोरगी दिवसभर कसलं तरी नवल वाटल्यासारखी दिसायची. मॅडमनी एकदा मला विचारलं, "आर्या घाबरते का हो वर्गात?" मी म्हटलं, "नाही मॅडम, आजोबांनी वेण्या घातल्यात."

पानठेल्यावर लोक तुम्हाला बोलायचे ते माझ्या कानावर यायचं. एकानं म्हणे विचारलं, "का गा, सून धावते अन् तू पाळणा हालवते?" तुम्ही म्हणालात, "हाव. तुह्या हाताले काम नसन त तूबी येजो. दोन पोट्टे आहे." हे मला शेजारच्या काकूंनी सांगितलं. तुम्ही घरी येऊन अक्षर काढलं नाहीत, उलट त्या दिवशी मला म्हणालात की पाळीवर सलंगाकडे दगड सुटलेत, जपून जा.

आणि तुमचा तो प्रश्न. आठवड्यातून एकदा तरी यायचाच. मी बुटाचे बंद बांधतेय, तुम्ही चहा फुंकताय, आणि तुम्ही अगदी मनापासून विचारताय, "पण मले सांग, कोणी मागं लागलं नसताना माणूस काहून धावते?" मी दर वेळी वेगळं उत्तर द्यायची. तब्येतीसाठी. पाठ दुखत नाही. झोप चांगली लागते. तुम्ही प्रत्येक उत्तर ऐकून मान हलवायचात. "तब्येत त रोवणी केल्यानंबी होते. चिखलात दिवसभर वाकून पाह्य, मग कशी झोप लागते." आणि पुढच्या आठवड्यात परत तोच प्रश्न. तुम्हाला माझं एकही उत्तर पटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं.

आज सांगते. घरात मी सगळ्यांना एकाच वेळी हवी असायची. पाळीवर पोचले की मी कोणालाच नको असायची, आणि ते काही मिनिटं फार बरं वाटायचं. पण त्याहून बरं वाटायचं ते सलंगाशी पोचल्यावर. तिथून मला कोणी हाक मारत नसे. कोणी बोलावत नसताना मी स्वतःच्या मनानं वळायची आणि घराकडे धावायची. दिवसभर ज्यांच्यापासून जरा सुटावं वाटायचं, त्यांच्याचकडे पाय जोरात पडायचे. मला जायला आवडतं असं नाही मामाजी, मला परत यायला आवडतं. आणि परत येण्यासाठी आधी जावं लागतं. हे तुमच्यासमोर सांगायला मला लाज वाटायची.

आता त्या शर्यतीचं.

साकोलीतल्या कुठल्याशा मंडळानं बायकांसाठी धावण्याची स्पर्धा ठेवली. साकोलीहून सानगडीच्या रस्त्यानं जायचं, ठरलेल्या वळणावरून परत. बातमी तुम्हीच आणलीत. मी म्हटलं, "नको मामाजी, शिबू अजून पितो." तुम्ही म्हणालात, "मी आहे ना. वाटीनं पाजीन." ह्यांची ड्युटी होती. मग मी, तुम्ही, आर्या आणि शिबू, बरोबर उकळलेलं गाईचं दूध, वाटी-चमचा, दोन लंगोट आणि तुमची छत्री, असे आपण सकाळच्या बसनं गेलो.

पांढऱ्या रेषेमागे माझ्याशेजारी अकॅडमीच्या पोरी होत्या. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, पाय सागासारखे सरळ. मी मागे वळून बघितलं तर तुम्ही मांडवात खुर्चीवर बसला होतात, शिबू मांडीवर, आणि आर्या तुमच्या कानात काहीतरी सांगत होती. मग शिट्टी वाजली.

मी चांगली धावले त्या दिवशी. वळणाच्या अलीकडे पुढे फक्त दोघी राहिल्या होत्या. मला स्वतःलाच खरं वाटत नव्हतं. आणि तेवढ्यात समोर, रस्त्याच्या कडेला, पंक्चरच्या बंद दुकानापुढं तुम्ही उभे दिसलात. तुमच्या ओळखीचा कोणीतरी मोटरसायकल धरून बाजूला. आर्याच्या हातात छत्री. आणि तुमच्या हातात शिबू, लालबुंद, पाठ मागे टाकून आकांत करणारा. मी अजून लांब होते तरी त्याचं रडणं मला ऐकू येत होतं.

मी थांबले. तुमचा चेहरा पडला होता. "वाटी उडवून टाकली त्यानं," तुम्ही म्हणालात. "चमचा फेकला. श्वास धरून राहिला, बाई. मले काही सुधरलं नाही."

मी त्याला घेतलं आणि शटरला पाठ टेकून पायरीवर बसले. रस्त्यावरून गाड्या जात होत्या. तुम्ही खांद्यावरचा दुपट्टा काढलात, झटकलात, एक टोक आर्याच्या हातात दिलंत, दुसरं स्वतः धरलंत, आणि आमच्याकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड करून उभे राहिलात. हात ताणून. शिबूनं एकदम तोंड लावलं आणि सगळं शांत झालं. दुपट्ट्यापलीकडून धप धप पावलं येत होती आणि जात होती.

"एक गेली," तुम्ही म्हणालात.

मी शिबूचं डोकं सावरलं.

"हे दुसरी. हे त आपल्या मागं होती ना, निळी वाली?"

"मामाजी, मोजू नका."

"मी कुठं मोजून राहिलो. पाहून राहिलो." थोड्या वेळानं, अगदी खालच्या आवाजात, "अजून दोघी."

आणि मला हसू आलं. असं हसू की शिबूच्या तोंडातून सुटलं आणि तो रागानं माझ्याकडे बघायला लागला. मी हसतेय हे ऐकून आर्या हसायला लागली, तिच्याकडचं टोक खाली आलं, आणि तुम्ही पुढे बघतच तिला दटावलंत, "नीट धर, माय बसली आहे न." मला आजही डोळे मिटले की तुमची ती पाठ दिसते. गंजीवर मागे घामाचा डाग, दोन्ही हात ताणलेले, समोरून ट्रक जातोय आणि वाऱ्यानं दुपट्टा फुगतोय. नवऱ्याच्या बापासमोर पदर सावरण्यात माझी इतकी वर्षं गेली होती, आणि तुम्ही भर रस्त्यात माझा पदर झाला होतात.

शिबू ढेकर देऊन झोपला. मी उठले. "जा," तुम्ही म्हणालात, "अजून होते." आता काही होत नव्हतं, पण मी धावले. पोचले तेव्हा पहिल्या तिघींचे फोटो काढून झाले होते. माझ्या मागे तीन-चार जणी होत्या. सगळ्यांनाच मिळालं तसं एक पदक मलाही मिळालं, आणि शिबूनं बसमध्ये ते चघळून त्याचा रंग उडवला.

त्या संध्याकाळपासून तुमचं सुरू झालं. आधी मोटरसायकलवाल्याला दोष, मग गाईच्या दुधाला, मग वाटीला. आणि शेवटी नेहमी तेच, "तिसरी आली असती." मी म्हणायची, "नसती आली मामाजी. ती निळी वाली माझ्या अगदी मागंच होती, आणि माझा दम संपत आला होता." तुम्ही म्हणायचात, "तुले काय माहीत? तू त धावत होती. मी पाहून राहिलो होतो." वर्षभर आपण हे भांडलो. जेवताना, धान निवडताना, शिबूला न्हाऊ घालताना. आणि तुम्ही गावोगावी लग्नामातीला जाऊन काय सांगत होतात ते आता तेरवीत कळलं.

एकदाच तुम्ही ते वेगळ्या आवाजात बोललात. रोवणीचे दिवस होते. मी धानाच्या बांधीवर तुमची शिदोरी घेऊन आले होते. तुम्ही शेताच्या कडेला धुऱ्यावर बसून हात धुतलेत आणि भाकरीकडे बघत म्हणालात, "माह्यापायी तुझा नंबर गेला, बाई. लेकराले जरा रडू दिलं असतं त काय झालं असतं?" मी काहीतरी म्हणाले, काय ते आठवत नाही, बहुतेक चटणी घ्या म्हणाले. तुम्ही खरंच मनाला लावून घेतलंय हे मला तेव्हा कळलं, आणि नेमकं तेव्हाच शब्द सुचले नाहीत.

म्हणून आता ऐका. त्या दिवशीची सगळी धाव मी विसरले आहे. पुढे कोण होतं, मागे कोण होतं, काही आठवत नाही. मला आठवते ती पंक्चरच्या दुकानाची पायरी. तुम्ही शिबूला आणलं नसतंत तर मला कदाचित एक फोटो मिळाला असता, साकोलीतल्या कोणातरी साहेबांबरोबर. तो मी कपाटात ठेवला असता. तुम्ही आणलंत, ह्याचा मला एक दिवसही पश्चात्ताप झाला नाही. उलट तुम्ही वाद घालत राहावं म्हणून मी मुद्दाम "नसती आली" म्हणत राहिले, कारण त्या वादात तुम्ही माझ्याशी इतकं बोलायचात.

जाताना तुम्ही कोणाला त्रास दिला नाहीत. धान कापून झालं होतं. दुपारी जेवलात, ताकात भात कालवून खाल्लात, अंगणात खाटेवर आडवे झालात. चहाला उठवायला शिबू गेला. त्यानं तुमचं नाक धरलं, नेहमीसारखं. मग आत येऊन मला म्हणाला, "आबा खोटं खोटं झोपले आहे, उठूनच नाही राहिले." मी बाहेर आले तेव्हाच मला कळलं.

ह्यांनी सगळं नीट केलं. रडले नाहीत. माणसं आली, गेली. मुक्कामाला आलेल्या बायका मला सांगत राहिल्या की आता सासरा नाही, पोरं कोणावर टाकणार, धावणं-बिवणं पुरे झालं. मी हो म्हटलं. मला तसंच वाटत होतं. बूट दाराआड तसेच पडून होते, त्यांवर धूळ बसली होती.

पाहुणे गेल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली तर हे अंथरुणात नव्हते. ओट्यावर बसले होते, अंधारात.

"जाऊन ये," हे म्हणाले.

"पोरं?"

"मी आहे. साहेबाले बोललो. आता दिवसाची ड्युटी घेतो, सकाळी घरीच राहीन."

मी गेले. इतक्या दिवसांनी पाय लाकडासारखे झाले होते. पाळीवर धुकं होतं, ढिवरांनी मला ओळखून हात वर केला. सलंगाशी थांबून मी थोडं रडले. मग वळले. घराकडे येताना पाय सुटले, आणि खोटं का सांगू, मला फार छान वाटलं.

परत आले तर हे तिथंच बसले होते. मुलं झोपलीच होती. मी त्यांच्याशेजारी बसून बंद सोडायला लागले, तेव्हा हे बोलायला लागले. तुम्हाला माहीत आहे, ते किती बोलतात.

"बाबांनी मले कधी कडेवर घेतलेलं मले आठवत नाही," हे म्हणाले. "वाईट नव्हते ते. सकाळी नांगरावर जायचे, संध्याकाळी थकून यायचे. आम्ही त्यांच्यापुढं उभं राहायले भेत होतो."

मी दुसऱ्या बुटाचा बंद सोडला.

"तू धावायले जायची न, तवा मी नाईट करून यायचो. गाडी तिकडं वडाजवळच बंद करायचो अन् तू यायच्या आधी फाटकाबाहेर उभा राहायचो. आत बाबा शिबूले खांद्यावर घेऊन फिरत राहायचे. गाणं म्हणायचे. आपल्या बाबाले गाणं येते, हेच मले माहीत नव्हतं." मग म्हणाले, "तू गेली नसती, त मले ते कधी दिसलं नसतं."

आणि मग ते रडले, मामाजी. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले. उजाडत होतं. आत आर्या उठली होती, शिबूला हलवून उठवत होती.

हे तुम्हाला कळायला हवं होतं, म्हणून इतकं सगळं सांगत बसले. ते तुमच्या तोंडावर कधीच बोलले नसते. आणि बोलले असते तरी तुम्ही दोघांनी लगेच शेतातल्या मोटारीचा विषय काढला असतात. सकाळच्या उजेडात फाटकाबाहेर तुमचा मुलगा उभा आहे हे तुम्हाला एकदाही दिसलं नाही, ते एका परीनं बरंच झालं. दिसला असता, तर तुम्ही गाणं थांबवलं असतंत.